जुना बँड, नवा अल्बम

(धाराशिव इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

आपल्याकडं 'बँड' म्हटलं की डोळ्यांपुढं लग्नाची वरात येते. लाल-सोनेरी कोटातले वादक, पुढं क्लॅरिनेटवाला, मागं ढोल, हातगाडीवर बांधलेले कर्णे. हा बँड चांगला की वाईट, हे आपण कशावरून ठरवतो? सिनेमातलं गाणं हुबेहूब वाजलं, की चांगला. समजा क्लॅरिनेटवाल्यानं स्वतः बांधलेली एखादी चाल वाजवायला घेतली, तर काय होईल? नवरदेवाचा मामा पुढं येईल आणि म्हणेल, "ओ मास्तर, हे काय लावलंय? ते नागिनीचं घ्या." आणि मास्तर घेतील. कारण सुपारी मामानं दिलेली आहे.

आज मी रॉक बँडबद्दल बोलणार आहे, पण हा मामा लक्षात ठेवा. तो आपल्याला मुंबईतही भेटणार आहे आणि इंग्लंडातही.

तर मुंबई, साल १९८४. काही तरुण मुलं एकत्र येऊन एक बँड काढतात. नाव 'रॉक मशीन'. महेश तिनईकर गिटार वाजवतो, पुढं उदय बेनेगल गायला येतो, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर येतो. त्या काळात रॉक वाजवणाऱ्या बहुतेक बँडचं काम आपल्या लग्नाच्या बँडसारखंच होतं. परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी वाजवायची. याला 'कव्हर' म्हणतात. कॉलेजच्या महोत्सवात, धोबीतलावच्या रंगभवनात, जिथं उघड्या आभाळाखाली हजारो पोरं जमायची, तिथं वादकाची परीक्षा एकच होती. तिकडच्या रेकॉर्डवरचं गिटार याच्या हातून तसंच निघतं का?

आता हे सोपं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. चांगली गिटार बाहेरून आणायची तर आयातशुल्क भरमसाट. कॅसेट हाताला लागली की ती मागं-पुढं करत, एकेक सूर कानानं उचलायचा. नोटेशन नाही, शिकवणारं कुणी नाही. त्यामुळं या पोरांनी जे कमावलं ते खरंखुरं कमावलं. नक्कल हीसुद्धा तालीमच असते. आपल्याकडं गुरूच्या पुढ्यात बसून पहिली काही वर्षं दुसरं काय करतात?

पण या मंडळींनी एक वेगळी गोष्ट केली. १९८८ साली त्यांनी 'रॉक अँड रोल रेनेगेड' नावाचा अल्बम काढला आणि त्यात स्वतःची गाणी घातली. भारतीय रॉकमधल्या अगदी सुरुवातीच्या अशा अल्बमांपैकी तो एक. १९९० मध्ये दुसरा आला, 'द सेकंड कमिंग'. आज कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? पण विचार करा. समोर हजार लोक आहेत, ते ओळखीचं गाणं मागताहेत, आणि तुम्ही म्हणताय की आम्ही तुम्हाला माहीत नसलेलं गाणं वाजवतो. मामाला नाही म्हणायला धाडस लागतं.

१९९३ साली त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचा 'इंडस क्रीड' झाला. नाव बदलण्याचं तुम्हाला काय सांगायचं! आपल्या जिल्ह्याची पाटी २०२३ साली बदलली आणि अजून आपल्यातले निम्मे लोक बोलताना एक नाव घेतात, लिहिताना दुसरं. (हशा) बँडचंही तसंच झालं असणार. जुने चाहते 'मशीन'च म्हणत राहिले असतील. पण नावातला फरक बघा. 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडचं असू शकतं. 'इंडस' म्हणजे सिंधू. आपण कुठले, हे त्यांनी नावातच सांगितलं.

जाता जाता एक गोष्ट. १९९३ म्हटलं की आपल्याला सगळ्यात आधी ३० सप्टेंबरची पहाट आठवते. लोहारा-उमरगा भागातल्या, सास्तूरच्या माणसाला त्या वर्षी मुंबईतल्या एका बँडनं नाव बदललं याच्याशी काय देणं-घेणं असणार? काहीच नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. एकाच राज्यात, एकाच वर्षी, माणसं किती वेगवेगळ्या काळांत जगत असतात, ते ध्यानात असावं. मुंबईत उपग्रह वाहिन्यांवर गाण्यांचे व्हिडिओ दिसायला लागले होते, आणि त्यात इंडस क्रीडचं 'प्रिटी चाइल्ड' गाजलं. आपल्याकडं तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरत होत्या.

१९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. १९९७ मध्ये बँड थांबला. बाजार हिंदी पॉपकडं वळला होता, इंग्रजी रॉकला विचारणारं कमी झालं होतं. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला, तिथं जुन्या साथीदारासोबत दुसरं काम केलं, पुढं परत आला. मधल्या काळात रंगभवनातले कार्यक्रमही शांतता क्षेत्राच्या नियमांमुळं बंद पडले. म्हणजे ज्या अंगणात हे खेळले, ते अंगणही उरलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट भारतातल्या बऱ्याच बँडची आहे. माझ्या विषयाला सुरुवात होते ती २०१० मध्ये. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र येतात. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी ही पुढच्या पिढीतली दोघं येतात. आणि आता त्यांच्यापुढं दोन रस्ते असतात.

पहिला रस्ता सोपा. चाळिशी-पन्नाशीतले जुने चाहते आहेत, त्यांच्या खिशात आता पैसे आहेत, कंपन्यांचे कार्यक्रम आहेत. जुनी दहा गाणी वाजवायची, लोक डोळे मिटून आपलं कॉलेज आठवणार. हा धंदा जगभर चालतो आणि तो वाईट आहे असंही मी म्हणत नाही. पण गंमत बघा. ज्या बँडनं विशीत दुसऱ्यांची नक्कल सोडली, त्यानं पन्नाशीत स्वतःचीच नक्कल सुरू करायची. स्वतःच स्वतःचा कव्हर बँड व्हायचं. जुन्या बँडला खरा धोका असतो तो हा. लोक विसरतील याचा धोका त्यापेक्षा कमी. लोक फार पक्कं लक्षात ठेवतात आणि तेवढंच मागतात, ही खरी अडचण.

दुसरा रस्ता म्हणजे नवा अल्बम. २०१२ मध्ये तो आला, 'इव्हॉल्व्ह'. मागच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. आठ गाणी.

हा अल्बम ऐकताना पहिल्यांदा काय जाणवतं? जुनी गाणी चटकन धरता यायची, दुसऱ्यांदा ऐकली की मागं म्हणता यायची. इथं तसं नाही. गाणं उलगडायला वेळ घेतं. गिटारींचे थर एकावर एक येतात. ठेका मधेच वळतो. गायकाचा आवाज पंचवीस वर्षांच्या पोराचा नाही आणि तो तसा असल्याचं सोंगही करत नाही. मला यातली सगळी गाणी सारखीच आवडतात असं नाही. एक-दोन ठिकाणी थर इतके झाले आहेत की मूळ चाल दबते. पण 'फायरफ्लाइज' ऐका. या लोकांनी मधली वर्षं नुसती ढकलली नाहीत, ऐकण्यात घालवली, हे कळतं.

या अल्बमचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. त्यांनी परदेशातल्या मोठमोठ्या रॉक बँडबरोबर काम केलं आहे. पण मिक्सिंग म्हणजे काय, हे जरा थांबून बघू, कारण नव्या अल्बममधलं 'नवं' बऱ्याचदा तिथं दडलेलं असतं.

समजा, घरी गोंधळ आहे. संबळ आहे, तुणतुणं आहे, झांजा आहेत, गोंधळी गातोय, मागं झील धरणारे आहेत. तुम्ही मोबाइल काढून रेकॉर्ड केलं. घरी ऐकलं तर काय येतं? संबळ आणि झांज. तुणतुणं गायब, शब्द निम्मे कळत नाहीत. पण प्रत्यक्ष तिथं बसलेले असताना तुम्हाला सगळं ऐकू येत होतं! कारण तुमचा कान आणि डोळा मिळून निवड करत होते. गोंधळ्याच्या तोंडाकडं बघितलं की शब्द पुढं आले, संबळावर काठी पडताना बघितली की संबळ पुढं आला. मोबाइलला ही निवड करता येत नाही. स्टुडिओत प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा नोंदवतात, वेगळ्या ट्रॅकवर. मग एक माणूस बसतो आणि ठरवतो की या क्षणी तुणतुणं कानाजवळ असावं, संबळ चार हात मागं, झील डावी-उजवीकडं पसरलेली. म्हणजे जी निवड तुमचा कान करायचा, ती तो तुमच्यासाठी करतो. हे मिक्सिंग. १९८८ ची पोरं आणि २०१२ ची माणसं यांच्यात हा फरक मोठा आहे. मिळेल त्या साधनांत आवाज पकडणं वेगळं आणि आवाजाची जागा ठरवणं वेगळं.

आता शीर्षकात 'अल्टरनेटिव्ह रॉक' असाही शब्द होता, म्हणून दोन वाक्यं त्यावर. अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्या आणि मोठी रेडिओ केंद्रं ज्या बँडना विचारत नव्हती, ते कॉलेजच्या रेडिओवर वाजायचे. त्यांना हे नाव पडलं. मराठीत साठच्या दशकात लघुनियतकालिकं निघाली, प्रस्थापित मासिकांना पर्याय म्हणून, तसंच काहीसं. १९९१ मध्ये निर्व्हाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' प्रचंड खपला आणि पर्यायच मुख्य रस्ता झाला. तेव्हापासून हा शब्द जरा सैलच वापरला जातो. इंडस क्रीड सुरुवातीला सरळ हार्ड रॉक वाजवणारा बँड. 'इव्हॉल्व्ह'मध्ये तो या दुसऱ्या वळणाकडं येतो. तेवढं पुरे.

या प्रकारातलं इंग्लंडमधलं उदाहरण ताजं आहे. 'द क्युअर' हा बँड १९७० च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे. रॉबर्ट स्मिथ हा त्यातला एकच माणूस सुरुवातीपासून आजवर कायम. २००८ मध्ये त्यांचा अल्बम आला, आणि त्यानंतरचा थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांचं अंतर, आणि योगायोगानं यातही आठच गाणी. मधल्या काळात स्मिथनं आई, वडील आणि भाऊ गमावले. एक गाणं थेट भावाच्या जाण्यावर आहे. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं वाजतात, मग गायक तोंड उघडतो. आजच्या काळात, जिथं पंधरा सेकंदांत बोट पुढं सरकतं!

पण मला त्यांची दुसरी युक्ती जास्त आवडली. अल्बम यायच्या दोन वर्षं आधीपासून त्यातली काही गाणी त्यांनी कार्यक्रमांत वाजवली. लोक जुनी गाणी ऐकायला आलेले. तीही वाजवली, भरपूर वाजवली, आणि मधेमधे ही नवी. म्हणजे मामाला नागिन दिली आणि त्याच्या कानावर हळूच आपली चालही घातली. अल्बम आला तेव्हा ती गाणी निम्मी ओळखीची झालेली होती. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

हे ऐकून तुळजापूरच्या लोकांना हसू यायला पाहिजे, कारण ही युक्ती आपल्याकडं जुनीच आहे. गोंधळाची रचना बघा. आधी गण, मग देवतांना आवाहन. इथं बदल चालत नाही. कुठल्या देवीला, कुठल्या देवाला कुठून बोलवायचं ते ठरलेलं. एक नाव गळलं तर घरातली म्हातारी टोकेल. पण उत्तररंगात आख्यान सुरू झालं की गोंधळी मोकळा. मग त्यात तुमच्या गावची नदी येते, यंदाचा पाऊस येतो, समोर बसलेल्या पाटलाची मिशी येते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी तेच आख्यान वेगळं होतं. ठरलेलं आणि मोकळं, दोन्ही एकाच रात्रीत. आणि आपण कधी म्हणत नाही की हा गोंधळी मागच्या गोंधळ्याचं 'कव्हर' वाजवतोय.

इथं कुणी विचारेल, मग रॉक बँडलाच नव्या गाण्याची एवढी सक्ती का? परंपरेत सगळ्यांचंच असतं, तसं त्यांचंही असू द्या की. माझं उत्तर असं आहे. गोंधळ्याच्या पाठीशी देवीचं स्थान आहे, कदमराई-रेणुराई अशी घराणी आहेत, कुळाचार आहे. त्यानं नवं काही नाही केलं तरी त्याला बोलावणं येतं. येतंच असं आता म्हणवत नाही, पण निदान येण्याला कारण आहे. रॉक बँडच्या पाठीशी यातलं काही नसतं. चार-पाच माणसं आणि त्यांनी बांधलेली गाणी, एवढंच त्याचं भांडवल. ती बांधणं थांबलं की आठवणीवर काही वर्षं चालतं, मग ज्यांच्या आठवणी आहेत ती माणसंही थकतात.

आणि माणसं बदलली तर तोच बँड राहतो का, हाही प्रश्न असतोच. दिल्लीचा 'इंडियन ओशन' घ्या. १९९० चा बँड. डिसेंबर २००९ मध्ये गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती गेले. पुढं संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले. ज्या दोघांच्या भेटीतून बँड जन्मला, ते दोघंही आता त्यात नाहीत. तरी राहुल राम आणि अमित किलाम यांनी नव्या साथीदारांना घेऊन २०१४ मध्ये 'तंदानू' केला, २०२३ मध्ये 'तू है'. काही जुने श्रोते तो बँड मानतच नाहीत. मी मानतो. नव्या माणसाला जुन्याची जागा भरायला न लावता स्वतःसारखं वाजवू दिलं की बँड पुढं जातो. जुन्याचा मुखवटा घालायला लावला, की ते नाटक होतं.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवते का? संतमंडळी जमलेली, काका थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हलकेच मारताहेत, कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं. नामदेव रागावतात. प्रत्यक्ष विठ्ठल त्यांच्याशी बोलतो, कीर्तनाला गावंच्या गावं लोटतात, आणि त्यांना म्हणायचं कच्चं मडकं! ही गोष्ट आपण गुरूचं महत्त्व सांगायला सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. नामदेव तेव्हा नवखे नव्हते, नावाजलेले होते. तरी ते विसोबा खेचरांकडं शिकायला गेले. नावाजलेल्या माणसानं पुन्हा शिकायला जाणं किती अवघड! 'इव्हॉल्व्ह' या शब्दाचा अर्थ उत्क्रांत होणं, घडत राहणं. पन्नाशीला आलेल्या वादकांनी हे नाव निवडलं, म्हणजे थापटणं त्यांनी स्वतःच्याच हातात घेतलं.

आता हे सगळं धाराशिवमध्ये कशासाठी? तर आपल्या जिल्ह्यातली पोरं आज गिटार वाजवताहेत, कीबोर्ड वाजवताहेत, मोबाइलवर ट्रॅक बांधताहेत. संबळ वाजवणाऱ्या घरातली पोरंही त्यात आहेत. त्यांना गणपतीत, जयंतीला, लग्नात वाजवायला मिळतं. पैसेही मिळतात. पण एका अटीवर, की आम्हाला माहीत असलेलं वाजवा. मुंबईच्या बँडला ज्या मामानं १९८४ मध्ये अडवलं, तो आपल्याकडं अजून पहिल्या रांगेत बसलाय. आणि खरं सांगायचं तर तो मामा आपणच आहोत. तेव्हा दहा गाण्यांच्या कार्यक्रमात दोन त्यांची स्वतःची वाजू द्या. ठरवूनच घ्या, सुपारी देतानाच सांगा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : इंग्रजीत गाणाऱ्या बँडचं आम्ही एवढं कौतुक का करायचं? आपल्या भाषेत गायचं सोडून?

उत्तर : चांगला प्रश्न, थोडा तिखट आहे. ही मुंबईतली मुलं ज्या भाषेत वाढली, ज्या भाषेतलं संगीत ऐकत मोठी झाली, तीत त्यांनी लिहिलं. उसनी नव्हती ती त्यांना. उसनी गाणी त्यांनी आधी गायली आणि मग सोडली, तो मुद्दा आहे. मराठीत लिहिलं म्हणजे आपोआप आपलं होतं असंही नाही. मराठीत कितीतरी गाणी अशी आहेत की चाल हिंदीतली आणि शब्द फक्त बदललेले. तुमच्या मुलानं कुठल्या भाषेत लिहावं हे त्याला ठरवू द्या. ते त्यानं स्वतः लिहिलंय का, एवढं तुम्ही बघा.

प्रश्न : नवा अल्बम आवडला नाही तर? जुनंच चांगलं होतं असं वाटलं तर?

उत्तर : तर तसं म्हणा की! नवं आहे म्हणून चांगलं, असं कुठं असतं? फक्त निकाल द्यायच्या आधी तीनदा ऐका. पहिल्यांदा ऐकताना आपण जुन्याशीच तुलना करत असतो, ते टळत नाही. दुसऱ्यांदा चाली ओळखीच्या होतात. तिसऱ्यांदा गाणं ऐकू येतं. आणि क्रमानं ऐका, मधलंच एक उचलून नको. आठ गाणी कुठल्या क्रमानं लावायची यावर त्यांनी डोकं घातलेलं असतं, कीर्तनकार अभंगांचा क्रम लावतो तसं.

प्रश्न : मला रॉक अजिबात कळत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : मोबाइलचा स्पीकर बंद करा, कानात हेडफोन घाला, साधे चालतील. 'फायरफ्लाइज' लावा. पहिल्यांदा फक्त बेस ऐका, तो खालचा जाड आवाज, बाकी सगळं सोडून द्या. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स. मग १९८८ च्या अल्बममधलं 'टॉप ऑफ द रॉक' लावा आणि पुन्हा 'फायरफ्लाइज'कडं या. दोन्हींत गिटार वाजवणारा माणूस एकच आहे. त्याचा हात कुठं तसाच राहिलाय आणि कुठं बदललाय, ते शोधा. सापडलं की मला कळवा. बाकीचे प्रश्न बाहेर चहा घेताना बोलू, सभागृह आठ वाजता रिकामं करून द्यायचं आहे.